न दिलेला वन्समोअर

चैत्र सरत आला की चाकणच्या शिवारात कांदा निघतो. उपटलेला कांदा काही दिवस शेतातच पातीखाली झाकून ठेवतात, पात वाळली की कापतात, आणि मग बैलगाड्या बाजाराच्या वाटेला लागतात. पुण्याहून येणारी मोटार मोशीपाशी इंद्रायणी ओलांडते तेव्हाच वास सुरू होतो. हा चिरलेल्या कांद्याचा, डोळ्यांत पाणी आणणारा वास नव्हे. वाळत्या सालीचा, तापलेल्या मातीचा, थोडा गोडसर असा हा वास आहे. कपड्यांना लागला की एका धुण्यात जात नाही.

यंदा तो वास आला तेव्हा मी आबामामांकडे एक बातमी घेऊन चाललो होतो. ती मीच लिहिली होती. पुण्याच्या एका दैनिकात मी उपसंपादक आहे आणि निधनाच्या बातम्या ठरलेल्या ओळींत बसवणे माझ्याकडे असते. ‘एके काळच्या नामवंत गायिका-नटी शेवंताबाई नेरूरकर यांचे राहत्या घरी निधन झाले. घशाच्या विकारामुळे त्यांनी काही वर्षांपूर्वी गाणे सोडले होते.’ पहिले वाक्य बरोबर आहे. दुसरे सगळ्यांनीच तसे छापले, म्हणून मीही छापले. खरे लिहायचे तर चाकणच्या एका दुपारबद्दल लिहावे लागले असते, आणि त्या दुपारी बातमी म्हणावी असे काही घडलेच नव्हते.

आबामामा हे माझ्या आईचे थोरले भाऊ. चाकणला त्यांची कांद्याची आडत आहे. तरुणपणी ते कांदा घेऊन पुण्याला गाडी हाकत जात. माल उतरला की बैल मंडईजवळ सोडायचे, तोंड धुवायचे आणि नाटकाच्या पिटात, रंगमंचापुढच्या स्वस्त जागेत, जाऊन बसायचे, हा त्यांचा क्रम होता. तिथे त्यांनी शेवंताबाईंना पहिल्यांदा ऐकले. त्या वेळी बाईंची कंपनी भरात होती. पुढे बोलपट आले, कंपनी मोडली, थिएटरात सिनेमाचा पडदा लागला. बाई मग पदांचे लहानसहान कार्यक्रम करू लागल्या. मामांनी नाटकाची गोष्ट कधी कुणाला सांगितली नाही; ती त्यांना नीट आठवतही नसावी. बाई कुठल्या पदाला कशा उभ्या राहत, पदर कोणत्या हाताने सावरत, हे मात्र ते सांगत.

आणि वन्समोअरचे सांगत. पद संपले की बाई दोन पावले मागे सरत. ऑर्गनवाला सूर सोडत नसे, तसाच धरून ठेवी. तेवढ्यात पिटातून कुणी तरी ‘वन्समोअर’ म्हणून ओरडे, मग सगळे थिएटर ओरडे, आणि ऑर्गनवाला त्याच सुरावरून पुन्हा पदाच्या तोंडाशी येई. बाई पुढे येत आणि पहिल्यापेक्षा वेगळे, अधिक मोकळे गात. “पहिलं गानं तिकिटाचं,” मामा म्हणत, “दुसरं आपलं.”

मामांनी बाजारापलीकडे कांद्याची नवी चाळ बांधली त्या वर्षीची ही गोष्ट. लांबलचक, उंच जोत्याची, चारी बाजूंनी बांबूच्या पट्ट्या ठोकलेली चाळ. कांद्याला वारा लागावा म्हणून पट्ट्यांत बोटभर फट ठेवतात. माल भरण्याआधी तिथे सत्यनारायण घालायचा आणि काही तरी करमणूक करायची असा बेत होता. लोकांना वाटले भजन असेल, फार तर वगाचा फड येईल. मामांनी शेवंताबाईंना बोलावले. मामी म्हणाली, “त्या कशाला येत्यात कांद्याच्या खुराड्यात?” पण बाई येते म्हणाल्या.

मी तेव्हा रजा घेऊन गेलो होतो. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी बाईंचे ऑर्गनवाले गोविंदराव जागा पाहायला आले. कंपनीच्या पहिल्या दिवसापासून बाईंना त्यांचीच साथ होती. बारीक अंगाचे, काळी टोपी घातलेले, हळू बोलणारे गृहस्थ. चाळीत दोनदा टाळी वाजवून त्यांनी आवाज कसा घुमतो ते पाहिले. मग मामांना बाजूला घेतले. मी तिथेच उभा होतो, पण त्यांनी मला जा म्हटले नाही.

“बाईंच्या घशाला इजा आहे,” ते म्हणाले. “डॉक्टरांनी सांगितलंय, एकदा जोर पडला तर निभावेल. लागोपाठ दुसऱ्यांदा पडला तर आवाज कायमचा जाईल.”

“मग गाऊ नगा म्हनावं,” मामा घाबरून म्हणाले.

“गातील त्या. बेतानं गायल्या तर काही होत नाही. पण शेवटच्या पदाला वन्समोअर आला की बाई माझ्याकडे बघत नाहीत, डॉक्टरांचं ऐकत नाहीत. लोकांनी मागितलं आणि दिलं नाही असं त्यांनी आयुष्यात केलेलं नाही. म्हणून तुम्हाला सांगतो. लोकांनी मागूच नये, एवढं करा. आणि मी सांगितलं हे बाईंना कळता कामा नये. कळलं तर मुद्दाम गातील.”

मामांनी शब्द दिला.

त्या संध्याकाळी मामा घरोघर फिरले. मी बरोबर होतो. अडचण वेगळीच निघाली. गावातल्या निम्म्याअधिक लोकांनी नाटक पाहिलेच नव्हते आणि वन्समोअर हा शब्द त्यांना ठाऊक नव्हता. तेव्हा मामांनी आधी तो शब्द शिकवला आणि मग तो म्हणायचा नाही असे बजावले. कांदा निवडायला येणाऱ्या बायकांपुढे तर त्यांची चांगलीच फजिती झाली. त्यांच्यात ठकूबाई म्हणून एक मुकादमीण होती.

“काय म्हनलं मामा? वनीसमोर?”

“वन्समोअर.”

“ही शिवी हाय व्हय?”

“शिवी न्हाई गं बाई. चांगला शब्द हाय. गानं आवडलं की म्हनत्यात.”

“मंग आवडलं तरी म्हनायचं न्हाई?”

“न्हाई.”

“आन् न्हाई आवडलं तर?”

“तरी बी न्हाई.”

ठकूबाईने विचार केला. “मंग ह्यो शब्द ठिवलाय कशापायी?” बायका हसल्या. मामांनी बाईंची तब्येत बरी नाही एवढेच सांगितले. हसणे थांबले. “न्हाई म्हननार,” ठकूबाई म्हणाली. “पोरांची तोंडं बी मी धरीन.”

खरी धास्ती मुसाभाईंची होती. नाशिक रस्त्याला त्यांचे मोटारदुरुस्तीचे दुकान होते. पुण्याहून ऑर्गन त्यांच्याच ट्रकमधून आणायचा होता. जुन्या दिवसांत तेही मामांबरोबर पिटात असत आणि पहिला वन्समोअर बहुधा त्यांचाच असे. मामांचे ऐकून ते बराच वेळ हात पुसत राहिले.

“आबा, तू मला येऊ नको म्हण. ते सोपं हाय.”

“तू यायचंस. नुसता गप बस.”

“आणि टाळी?”

“टाळीचं गोविंदराव काय बोलले न्हाईत.”

“टाळी वाजली की तोंड उघडतंच, राव,” मुसाभाई म्हणाले. “आपण तर टाळी पण नाही वाजवणार.”

हे त्यांचे म्हणणे कानोकान गावभर झाले. टाळीलाही बंदी आहे असे मामा कुणालाच म्हणाले नव्हते.

बाई दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीने आल्या. चाळिशी ओलांडलेल्या, अंगाने थोड्या जड, सावळ्या. फिकट निळे पातळ, हातात एकेक बांगडी. मामा त्यांच्यापुढे मान वर करून उभे राहीनात. कांद्याच्या वासाचा त्रास होईल का, असे मामीने विचारले. “अहो, दिव्यांच्या धुरात गायलोय आम्ही,” बाई म्हणाल्या. “हा तर जेवणाचा वास.” त्यांनी मामीच्या हातची बाजरीची भाकरी मोडली, गोल्टी, म्हणजे बारका कांदा, बुक्कीने फोडून घेतला आणि मग तो न खाता ताटाच्या कडेला ठेवला. “गाणं झाल्यावर,” त्या म्हणाल्या.

जेवताना मामांना धीर आला. पिटात बसून ऐकायचो, असे त्यांनी सांगितले. बाईंचा हात ताटावर थांबला.

“पिटात? मग तुम्हालाच सांगते. खुर्चीवाले एकमेकांकडे बघून वन्समोअर देतात. पिटातला माणूस आवडलं तरच ओरडतो. नाही आवडलं तर शेंगा खातो.” त्या हसल्या. मग आवाज उतरवून म्हणाल्या, “पुण्यात आता मला सगळे वन्समोअर देतात. उभी राहिले तरी देतात. मानानं देतात. त्यावरून गळ्यात काही उरलंय की नाही, ते कळत नाही. गोविंदराव खोटं बोलतात, डॉक्टर घाबरवतात. म्हणून म्हटलं, जिथं माझं नाव कुणाला ठाऊक नाही तिथं एकदा गावं. ते खरं काय ते सांगतील. त्यांनी मागितलं तर पुढं गायचं. नाही तर हे बंद.”

मामीने वाढायला घेतलेला भात तसाच हातात राहिला. मामा पाणी प्यायले.

जेवणानंतर मामा आणि गोविंदराव गोठ्यामागे बोलत होते. मामा म्हणत होते, अजून वेळ आहे, पुन्हा फिरतो, लोकांना मोकळीक देतो. गोविंदराव नाही म्हणत होते. “आज मागितलं तर आज गातील आणि उद्यापासून बोलताही येणार नाही. नाही मागितलं तर वाईट वाटेल. वाईट वाटलेलं माणूस विसरतं, मामा. गेलेला आवाज येत नाही.” गोविंदरावांचे म्हणणे त्या दुपारी चूक वाटत नव्हते, हे नोंदवायला हवे.

कार्यक्रम दिवस मावळायच्या आत करायचा होता. चाळीत गोणपाटे अंथरली होती. एका टोकाला दोन चौरंग जोडून त्यावर मामीची नवी सतरंजी घातली. पुढे बायका, मग गडी, मागे बाजारातले व्यापारी. पश्चिमेचे ऊन लोकांच्या पाठीकडून, बांबूच्या फटींतून येत होते. त्यामुळे बाईंच्या अंगावर उजेडाच्या उभ्या पट्ट्या पडल्या होत्या आणि त्यांना समोरच्यांचे चेहरे दिसत नव्हते. ही गोष्ट तेव्हा कुणाच्या ध्यानात आली नाही.

आता त्यांनी जांभळा शालू नेसला होता. नांदी झाली. मग त्यांनी लहान लहान पदे एकाला एक जोडून, मध्ये न थांबता घेतली. आवाज खाली जरा खरखरत होता. त्या तो लपवत नव्हत्या; खरखर आली की तिथेच थोड्या रेंगाळत, जणू तीही पदातलीच आहे. बायकांच्या मांडीवरची पोरे निजली. मी पुण्यात त्यांना दोनदा ऐकले होते. असे ऐकले नव्हते.

शेवटी निरोपाचे पद. बाई उभ्या राहिल्या. हे पद चढत जाते, आणि वरच्या षड्जावर नायिका थांबते. पुढचे शब्द तिला उच्चारवत नाहीत. बाई तिथे पोचल्या. गोविंदरावांची मान खाली होती. सूर लागला, थोडा हलला आणि स्थिर झाला. ऊन त्यांच्या गळ्यावर होते. माझ्या शेजारी मुसाभाईंनी उपरण्याचे टोक तोंडात धरले होते. त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होते आणि दोन्ही हात त्यांनी मांडीखाली दाबले होते.

पद संपले. बाई दोन पावले मागे सरल्या.

गोविंदरावांनी सूर धरला. ती त्यांच्या बोटांची सवय असावी. चाळीत कुणी हलले नाही. टाळी नाही, खोकला नाही. ठकूबाईने आपल्या नातवाच्या तोंडावर हात ठेवला होता. एवढी माणसे इतकी गप्प बसलेली मी त्यानंतर पाहिलेली नाहीत. सगळे गाव एका माणसाचा आवाज वाचवत होते आणि ते मनापासून वाचवत होते. बाई अंधाऱ्या बाजूकडे पाहत उभ्या राहिल्या. त्यांचा उजवा पाय थोडा पुढे आला होता, पुन्हा यायच्या तयारीत. तो तसाच राहिला.

मग गोविंदरावांनी बोटे उचलली. भात्यातली उरलेली हवा निघून गेली, तेवढा आवाज आला.

“बरं,” बाई म्हणाल्या. त्यांनी हात जोडले आणि चौरंगावरून खाली उतरल्या.

घरी चहा झाला. मामीने नारळ आणि खण दिला. ताटाच्या कडेचा तो कांदा तिने आठवणीने झाकून ठेवला होता. तो पुढे केला. बाईंनी मीठ मागून घेतले आणि सगळा खाल्ला. “मामा, तुमचं गाव खरं आहे,” त्या म्हणाल्या. “विचारलं ते सांगितलं. राग नाही हो. पुण्यात हे कुणी सांगितलं नसतं.” मामांचे तोंड उघडले. गोविंदराव दारातून म्हणाले, “बाई, मोटार आली.” मोटार अजून आली नव्हती. रस्त्यावर उभे राहून सगळ्यांनी तिची वाट पाहिली.

पुढच्या हंगामात गोविंदराव एकटेच आले. चाळीच्या जोत्यावर बसले. घसा बरा झाला म्हणाले. डॉक्टरांनी तपासून सांगितले, आता हवे तेवढे गा.

“मंग?” मामांनी विचारले.

“तंबोऱ्याला खोळ घातलीय. काढत नाहीत. मी सांगून पाहिलं, लोकांना मीच गप्प बसवलं होतं. म्हणाल्या, गोविंदराव, तुम्हाला खोटं बोलायचंच तर जरा बरं बोला. आता तुम्ही सांगा, मामा. तुमच्यावर त्या विश्वास ठेवतील.”

मामा निवडक कांद्याची एक गोणी घेऊन पुण्याला गेले. बाईंनी त्यांना आत बसवले, स्वतः चहा केला. मामांनी सगळे सांगितले: गोविंदरावांना दिलेला शब्द, घरोघर फिरणे, ठकूबाईचे प्रश्न, मुसाभाईंचे उपरणे. बाई लक्ष देऊन ऐकत होत्या, मध्ये एकदा हसल्याही. सगळे झाल्यावर म्हणाल्या, “मामा, तुम्ही आडते लोक. पडलेला भाव सावरून धरायची तुम्हाला सवय. फार चांगलं सावरलंत.” आणि कांदा यंदा कसा आहे ते विचारू लागल्या.

तेव्हापासून मामांना एक खोड जडली. शाळेच्या संमेलनात पोरांनी स्वागतगीत म्हटले की मामा मागून ‘वन्समोअर’ ओरडत. लग्नात बँडवाल्यांना देत. एकदा कीर्तनात दिला तेव्हा बुवा गोंधळले आणि अभंग पुन्हा पहिल्यापासून धरला. लोक हसत. त्या दुपारी चाळीत असलेले मात्र हसत नसत.

यंदा मी पोचलो तेव्हा चाळीत निवडणी चालली होती. मामांचा धाकटा मुलगा पिंपरीच्या नव्या औषधाच्या कारखान्यात लागला आहे. पुढच्या वर्षी चाळ कोण बघणार, यावर मामीचे बोलणे चालू होते. मामा जोत्यावर बसले होते. मी बातमी सांगितली. त्यांनी ‘कधी?’ एवढेच विचारले. मग छापलेले वाचून दाखव म्हणाले. मी दोन्ही वाक्ये वाचली.

“घशामुळं न्हाई,” मामा म्हणाले.

“नाही.”

“तू तसं का लिवलं?” हे त्यांनी रागाने विचारले नाही. माझ्या उत्तरासाठी ते थांबलेही नाहीत.

ऊन कलले होते आणि फटींतून आत येऊ लागले होते. बायकांच्या पाठींवर, कांद्याच्या ढिगांवर उभ्या पट्ट्या पडल्या होत्या. हात चालत होते: मोठा कांदा एकीकडे, गोल्टी एकीकडे, जोडकांदा टोपलीत. ठकूबाई आता फार थकली आहे. डोळ्यांना कमी दिसते, बोटांनी चाचपून निवडते. ती काही तरी म्हणत होती, दळणाच्या वेळची ओवी असावी. आवाज बारीक, फाटलेला. भावाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या बहिणीचे काही तरी होते. ते संपले आणि सालींची सळसळ तेवढी राहिली.

“वन्समोअर,” मामा म्हणाले. एरवी ओरडतात तसे नव्हे, अगदी हळू.

ठकूबाईचे हात थांबले. तिने आवाजाच्या दिशेने तोंड वळवले.

“मामा, त्यो शब्द म्हनायचा न्हाई ना?”

मामांनी चाळीच्या दुसऱ्या टोकाकडे, बाई उभ्या राहिल्या होत्या तिकडे, पाहिले. तिथे आता छपरापर्यंत कांदा होता.

“आता म्हनलं तरी चालतंय,” ते म्हणाले.